चूक कळली, आता सांगायचं कुणाला?

डिसेंबर २०२५ मध्ये उलव्याच्या बाजूचे एक काका माझ्या वाशीच्या ऑफिसात आले. धाकट्या मुलीच्या शैक्षणिक कर्जासाठी बँकेने त्यांच्याकडे नेटवर्थ सर्टिफिकेट मागितलं होतं. प्लास्टिकच्या पिशवीत तीन वर्षांची रिटर्नं, पासबुकं आणि एका करारनाम्याची झेरॉक्स होती. सर्टिफिकेटवर सही करायची तर आधी कागद जुळवायला हवेत, म्हणून मी आयकर पोर्टलवर त्यांचं एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण उघडलं. २०२२-२३ या आर्थिक वर्षात जमीन विकल्याची नोंद त्यात होती. रिटर्नमध्ये त्या विक्रीचा मागमूस नव्हता. खरेदीदाराने कापलेला एक टक्का टीडीएस, ३०,००० रुपये, मात्र रिटर्नमध्ये मागून घेतला होता आणि तो परतावा काकांच्या खात्यात जमाही झाला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. प्रश्न होता तसाच ठेवला आहे.)

जमीन कुठली, हे नवी मुंबईकरांना समजावून सांगावं लागत नाही. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी गेली, जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले, आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के योजना आली. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ जमीनधारकाला परत मिळायचा. काकांच्या घराला असा एक प्लॉट मिळाला होता. चार भावांनी मिळून तो १ कोटी २० लाखांना विकला, प्रत्येकाच्या वाट्याला ३० लाख आले. चौघांचीही रिटर्नं गावातल्याच एकाने भरून दिली होती. "शेतीचा पैसा आहे, त्याला टॅक्स नसतो, असं बोलला तो," काका म्हणाले.

हा समज हवेतून आलेला नाही. सक्तीने संपादित झालेल्या शेतजमिनीच्या मोबदल्याला १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात कलम १० (३७) खाली सूट आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ९६ खालच्या मोबदल्यावर कर नाही, हे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१६ च्या ३६ क्रमांकाच्या परिपत्रकात स्पष्ट केलं. गावात मात्र "सरकारने जमीन घेतली तर टॅक्स नाही" एवढंच अर्धं वाक्य फिरत राहिलं. सरकारने जमीन घेणं हा एक व्यवहार, आणि त्या बदल्यात मिळालेला प्लॉट आपण आपल्या मर्जीने बिल्डरला विकणं हा दुसरा. दुसऱ्यावर भांडवली नफ्याचा कर लागतो. प्लॉटची मूळ किंमत काय धरायची यावर वाद घालता येतो, पण व्यवहार रिटर्नमध्ये दाखवायचाच नाही, हे कुठल्याही वादात बसत नाही.

म्हणजे कर कमी भरला गेला होता, आणि ते पहिल्यांदा मला कळलं. काकांना नाही, नोंद असूनही प्राप्तिकर खात्यालाही नाही. हिशोब पाहणाऱ्या माणसाचं कर्तव्य इथून सुरू होतं आणि त्यावर आपल्याकडे फार कमी मोकळेपणाने बोललं जातं. क्लायंटने कर कमी भरला आहे हे कळल्यावर सीएने, म्हणजे सनदी लेखापालाने, काय करायचं? खात्याला कळवायचं? गप्प बसायचं? काम सोडायचं? या प्रश्नाचा आवाका मोठा आहे, आणि त्याची उत्तरं कायदा, सीएंच्या इन्स्टिट्यूटची आचारसंहिता, न्यायालयाचे निकाल आणि रोजच्या टेबलावरचा व्यवहार अशी वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेली आहेत.

पहिली फोड करायची ती चूक आणि चुकवेगिरी यांची. या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल मी माझ्याकडे शिकणाऱ्या प्रत्येक आर्टिकलला वाचायला लावते. पहिला सप्टेंबर २०१२ चा, प्राइस वॉटरहाउस कूपर्सचा. हिशोबाच्या धंद्यातलं हे जगप्रसिद्ध नाव, आणि चूक त्यांच्या स्वतःच्याच रिटर्नमध्ये झाली होती. ग्रॅच्युइटीची २३ लाखांहून अधिक रकमेची तरतूद वजावटीला पात्र नाही, हे त्यांच्याच टॅक्स ऑडिट रिपोर्टमध्ये लिहिलेलं होतं, पण उत्पन्न काढताना ती रक्कम परत मिळवायची राहून गेली. लक्षात आल्यावर त्यांनी कर आणि व्याज भरलं. न्यायालयाने ही माणसाच्या हातून होणारी चूक मानली आणि दंड रद्द केला. दुसरा निकाल ऑक्टोबर २०१३ चा, मॅक डेटाचा. तिथे संबंधित संस्थांच्या तपासणीत कागद सापडले, विचारणा झाली, आणि मग कंपनीने सुमारे ४० लाख ७४ हजार रुपये "वाद नको, शांतता हवी" म्हणून उत्पन्नात दाखवले. न्यायालयाने सांगितलं की शांतता विकत घेण्याची अशी सबब कायद्याला माहीत नाही. पकडल्यावर केलेली कबुली ऐच्छिक ठरत नाही. दंड कायम राहिला.

दोन्हीकडे उत्पन्न कमी दाखवलं गेलं, दोन्हीकडे नंतर कर भरला गेला. फरक पडला तो दोन गोष्टींनी. एक, माहिती आधीपासून कागदावर उघड होती का. दोन, पाऊल खात्याच्या आधी पडलं की नंतर. यातली दुसरी गोष्ट जवळजवळ पूर्णपणे हिशोब पाहणाऱ्याच्या हातात असते. क्लायंटला चूक कळते ती आपण सांगितल्यावर. आपण सांगायला उशीर केला तर त्याची प्रामाणिक चूक आपणच दिवसागणिक लबाडीकडे ढकलत असतो. म्हणून चूक कळल्यावर ती क्लायंटला ताबडतोब, स्पष्ट आणि आकड्यांसह सांगणं हे पहिलं कर्तव्य, आणि या लेखात पुढे येणारी बाकीची सगळी कर्तव्यं त्याच्या मागून येतात, असं माझं मत आहे. आमच्या व्यवसायात हे सांगणं टाळण्याची एक पद्धत पडली आहे. "जुनं आहे, आपण भरलेलं नाही, कशाला उकरायचं" असं म्हणून फाइल पुढे सरकते. त्याला गोपनीयता असं भारदस्त नाव दिलं जातं. गोपनीयता क्लायंटची माहिती इतरांपासून राखण्यासाठी आहे. खुद्द क्लायंटलाच अंधारात ठेवणं त्यात येत नाही.

मग त्याच्यापलीकडे कुणाला सांगायचं? १९४९ च्या सनदी लेखापाल कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टातलं पहिलंच कलम सांगतं की कामाच्या ओघात मिळालेली माहिती क्लायंटच्या संमतीशिवाय, किंवा कायद्याने भाग पाडल्याशिवाय, तिसऱ्याला देणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. त्याच परिशिष्टात पुढे, माहीत असलेली महत्त्वाची गोष्ट ताळेबंदात न सांगणं आणि योग्य ती काळजी न घेणं, हेही गैरवर्तन म्हटलं आहे. तोंड बंद ठेव आणि खोट्यावर सही करू नकोस, अशा या दोन आज्ञा. त्या एकमेकींच्या विरुद्ध वाटतात, पण दोन्ही पाळता येतात. करचुकवेगिरीबद्दल इन्स्टिट्यूटच्या कौन्सिलचा जो जुना खुलासा आचारसंहितेच्या पुस्तकांतून चालत आला आहे, त्याचा गाभा हाच आहे. आपण ज्या काळात त्या क्लायंटचं काम पाहत नव्हतो त्या काळातली लबाडी कळली, तर क्लायंटला खुलासा करायचा सल्ला द्यावा आणि चालू हिशोबांवर तिचा परिणाम होत नाही ना, ते पाहावं. आपणच तपासलेल्या हिशोबातली कळली, तर पूर्ण खुलासा करायला सांगावं. त्याने नकार दिला तर त्या प्रकरणातून बाजूला व्हावं आणि आपण तपासलेले हिशोब आता भरवशाचे राहिलेले नाहीत एवढंच खात्याला कळवावं. काय कळलं, कसं कळलं, ते सांगायचं नाही. चालू वर्षातली असेल तर रिपोर्टमध्ये शेरा मारावा, नाहीतर त्या रिटर्नशी आपलं नाव जोडू नये.

"हे हिशोब भरवशाचे नाहीत" एवढं एक वाक्य खात्याला लिहिणं हे प्रत्यक्षात किती जड असतं, ते लहान ऑफिस चालवणाऱ्यालाच कळतं. त्या एका वाक्याने क्लायंट जातो, त्याचा मेहुणा जातो, ज्याने तो पाठवला तो दुकानदार जातो. तरीही मला हा नियम योग्य वाटतो. आपण दिलेल्या सहीवर विसंबून कुणीतरी निर्णय घेतलेला असतो, आणि ती सही मागे घेण्याची जबाबदारी आपली आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. सीएला सांगितलेलं वकिलाला सांगितल्यासारखं सुरक्षित असतं, असं पुष्कळ व्यापारी धरून चालतात. तसं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ चं संरक्षण वकिलाकडे आहे. प्राप्तिकर अधिकाऱ्याने समन्स काढलं तर सीएला कागद द्यावे लागतात आणि खरं बोलावं लागतं. आपण होऊन सांगायचं नाही, पण विचारल्यावर लपवायचंही नाही. हे मी क्लायंटला पहिल्याच भेटीत सांगते. नंतर सांगितलं की फसवल्यासारखं वाटतं.

जगात सगळीकडे हे असंच नाही. अमेरिकेत करव्यवसायाला बांधणारी २३० क्रमांकाची नियमावली सांगते की चूक कळताच क्लायंटला ती आणि तिचे परिणाम सांगा. सरकारला परस्पर कळवायचं बंधन नाही. ब्रिटनमध्ये उलट स्थिती. तिथल्या २००२ च्या गुन्ह्यांतून मिळालेल्या संपत्तीच्या कायद्यामुळे जाणूनबुजून केलेल्या करचुकवेगिरीचा संशय आला तर, काही अपवाद सोडून, अकाउंटंटला गुपचूप अहवाल द्यावा लागतो, आणि दिला हे क्लायंटला सांगणं हाच गुन्हा ठरू शकतो. लंडनला गेलेल्या आणि तिथे प्रॅक्टिस करणाऱ्या मराठी मुलांना ही गोष्ट पचवायला वेळ लागतो. आपल्याकडे ३ मे २०२३ च्या अधिसूचनेने सीएंना मनी लाँडरिंग कायद्याच्या कक्षेत आणलं, पण ठराविक कामांपुरतं: क्लायंटच्या वतीने मालमत्तेची खरेदी-विक्री, त्याचे पैसे किंवा बँक खाती सांभाळणं, कंपन्या उभ्या करणं किंवा चालवणं. रिटर्न भरणं त्यात नाही. शिवाय साधी प्राप्तिकर चुकवेगिरी हा त्या कायद्याच्या परिशिष्टातला गुन्हा नाही. परदेशातलं लपवलेलं उत्पन्न आणि मालमत्ता मात्र २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यामार्फत आहे. ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांत अमेरिकन कंपनीचे शेअर मिळणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं. १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू झालेला, कायदा मोडल्याचं आढळल्यास काय करावं हे सांगणारा आपल्या इन्स्टिट्यूटच्या आचारसंहितेचा भाग मोठ्या घरांसाठी आहे: शेअर बाजारात नोंदणी असलेल्या आणि २५० कोटी किंवा अधिक नेटवर्थच्या कंपन्यांसाठी. वाशी, पनवेल, नेरुळच्या बहुतेक ऑफिसांचा त्याच्याशी संबंध येत नाही.

आता काकांच्या कागदाकडे. त्यांना मी हिशोब मांडून दाखवला, तो इथे देते, कारण या विषयातली खरी कसोटी मला त्यातच दिसते. मूळ किंमत नगण्य धरली, उपकर बाजूला ठेवला, तर ३० लाखांवर तेव्हाच्या २० टक्क्यांनी कर ६ लाख. काका साठीचे झालेले नाहीत, त्यामुळे ॲडव्हान्स टॅक्सच्या व्याजातून सुटका नाही. एप्रिल २०२३ ते डिसेंबर २०२५, महिन्याला एक टक्का, ३३ महिने: १ लाख ९८ हजार. सुधारित रिटर्नची मुदत ३१ डिसेंबर २०२३ ला संपली होती. उरलं ते अद्ययावत रिटर्न, ज्याला ऑफिसात सगळे आयटीआर-यू म्हणतात. २०२२ च्या वित्त कायद्याने ते आणलं, तेव्हा दोन वर्षांची मुदत होती. २०२५ मध्ये ती चार वर्षांची झाली. जादा कर टप्प्याटप्प्याने २५, ५०, ६० आणि ७० टक्के. काका दुसऱ्या टप्प्यात होते, म्हणजे कर आणि व्याजाच्या निम्मे आणखी: ३ लाख ९९ हजार. एकूण ११ लाख ९७ हजार. कलम ५४ एफ खाली नव्या घरासाठीची सूट मिळते का, तेही पाहिलं. विक्रीच्या दिवशी त्यांच्या नावावर आधीच दोन घरं होती, त्यामुळे ती वाट बंद. क्लायंटने कमी भरलं हे सांगताना त्याला कायद्याने मिळू शकणारं सगळं शोधून देणं हेही त्याच कर्तव्याचा भाग आहे, म्हणून हे शोधणं सोडायचं नाही.

काकांनी आकडा दोनदा वाचला. मग विचारलं, "आणि नाय भरलं तर?"

इथे प्रामाणिक राहणं अवघड होतं, कारण खरं उत्तर माझ्या सल्ल्याला सोयीचं नव्हतं. नोटीस आली तर कर आणि व्याज मिळून सुमारे ८ लाख. त्यावर दंड. उत्पन्न नुसतं कमी दाखवलं असं अधिकाऱ्याने मानलं तर कराच्या ५० टक्के, ३ लाख. चुकीची माहिती दिली, वस्तुस्थिती दडवली असं मानलं तर २०० टक्के, १२ लाख. म्हणजे एका बाजूला ११ लाख, दुसऱ्या बाजूला २० लाख. पहिल्या प्रकारात कर-व्याज भरून, अपील न करता, कलम २७० एए खाली दंडातून माफीही मागता येते. मग ८ लाखांतच सुटका. आणि दडलेलं उत्पन्न ५० लाखांच्या आत असल्याने ३० जून २०२७ नंतर फेरनिर्धारणाची नोटीसच निघू शकत नव्हती. स्वतःहून पुढे येणाऱ्याला १२ लाख, आणि नशिबाने साथ दिली तर गप्प बसणाऱ्याला शून्य. कायद्याने ही जी रचना केली आहे ती मला दुःख देते. प्रामाणिकपणा निदान महाग तरी पडू नये, एवढी काळजी कायदा करणाऱ्यांनी घ्यायला हवी होती.

हे सगळं काकांना सांगायचं का? मी सांगितलं. कायद्याची माहिती त्यांच्या हक्काची आहे. ती दडवून त्यांना चांगल्या मार्गाला लावणं हाही त्यांच्याशी केलेला खोटेपणाच झाला असता. पण "थांबून बघा" असा सल्ला मी देणार नाही, आणि दिला तर तो सल्ला राहत नाही, साथ होते, हेही सांगितलं. अमेरिकेच्या त्याच नियमावलीत असं आहे की लेखी सल्ला देताना "रिटर्न तपासणीला निघणारच नाही" ही शक्यता जमेस धरायची नाही. मला हा नियम इथल्या प्रत्येक ऑफिसच्या भिंतीवर लावावासा वाटतो. कर देय आहे की नाही हा एक प्रश्न, पकडले जाऊ की नाही हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर पहिल्याला देणं ही आमच्या व्यवसायातली सगळ्यात मोठी पडझड आहे, आणि ती चहा पिता पिता होते.

शिवाय काकांच्या बाबतीत माझी स्वतःची सही अडली होती. नेटवर्थ सर्टिफिकेटमध्ये मुदत ठेवी दाखवायच्या आणि डोक्यावरचा १२ लाखांचा कर दाखवायचा नाही, हे कसं जमणार? १ फेब्रुवारी २०१९ पासून अशा प्रत्येक सर्टिफिकेटला यूडीआयएन क्रमांक घ्यावा लागतो. तो घेताना पोर्टलवर आकडे टाकावे लागतात आणि सही कुणी, कधी केली, ते कायमचं नोंदलं जातं. मी त्यांना म्हटलं, "काका, एकतर देणं दाखवून सर्टिफिकेट देते, नाहीतर देत नाही."

सहीचा विषय निघालाच आहे, तर टॅक्स ऑडिटकडे वळते. १९८४ च्या वित्त कायद्याने कलम ४४ एबी आलं आणि एका मर्यादेवरच्या धंद्यांचे हिशोब सीएने तपासून द्यायचे ठरलं. तेव्हापासून सीए दोघांचा झाला. फी क्लायंट देतो, रिपोर्ट खातं वाचतं. वीस हजारांवरची रोखीची उसनवार, दहा हजारांवरचा रोख खर्च, वेळेत न भरलेला टीडीएस, हे सगळं ३ सीडी फॉर्ममध्ये आपल्याच हाताने लिहायचं असतं. तिथे गोपनीयतेचा मुद्दाच येत नाही. ते लिहिण्यासाठीच आपल्याला नेमलेलं असतं. चुकीची माहिती दिली तर कलम २७१ जे खाली सीएला दहा हजारांचा दंड आहे. रक्कम किरकोळ, पण खोटं रिटर्न भरायला मदत केल्याचं कलम २७८ किरकोळ नाही. २०२५ पर्यंत, चुकवू पाहिलेला कर २५ लाखांवर असेल तर सहा महिने ते सात वर्षं कैद होती. जाणूनबुजून केलेली मदत हा त्याचा पाया आहे. क्लायंटने आपल्यालाच फसवलं असेल तर ते लागत नाही. म्हणूनच "मला काही सांगू नका, मी फक्त भरतो" ही ढाल काही जण वापरतात. योग्य काळजी घेण्याचं बंधन या ढालीला मानत नाही.

ही काळजी राहून गेली की काय होतं, ते मी २०१२ च्या सुमारास आर्टिकलशिप करताना पाहिलं. विक्रीकर खात्याने तेव्हा संशयास्पद व्यापाऱ्यांची यादी वेबसाइटवर टाकली. माल न देता नुसती बिलं देणारे, हवाला डीलर म्हणून ओळखले जाणारे. ती माहिती प्राप्तिकर खात्याकडे गेली आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईतल्या लोखंड, रसायनं, हिरे अशा धंद्यांना नोटिसांचा पाऊस पडला. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ऑफिस असलेल्या आमच्या एका क्लायंटच्या फाइलवर मला बसवलं होतं. खरेदीची बिलं होती, पैसे चेकने दिलेले होते, लेजर जुळत होतं. वजनकाट्याची पावती मात्र एकाही बिलामागे नव्हती. लॉरी रिसीट नव्हती. लोखंड काही खिशातून येत नाही. सरांनी क्लायंटला समोर बसवून एकच विचारलं, "माल कुठे उतरवला?" त्यावर जी शांतता झाली ती मला अजून आठवते. ऑडिटच्या वेळी, तीन वर्षं आधी, हाच प्रश्न आम्ही विचारला नव्हता. बिल आणि चेक पाहून टिकमार्क केला होता.

पुढे प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाने अशा कितीतरी प्रकरणांत खरेदीच्या १२.५ टक्के इतका नफा अंदाजाने धरून वाद मिटवले, आणि व्यापाऱ्यांत तो जणू दर ठरून गेला. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कनक इम्पेक्सच्या प्रकरणात सांगितलं की व्यापारी पुरावाच देत नसेल तर सगळीच्या सगळी खरेदी नाकारता येते. बोगस बिलाला १२.५ टक्के फी समजणाऱ्यांना हा इशारा आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये एका सीएने वर्षाला ६० पेक्षा जास्त टॅक्स ऑडिटं घेऊ नयेत ही इन्स्टिट्यूटची मर्यादा उचलून धरली, तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच जणांनी नाराजी दाखवली. मला मर्यादा योग्य वाटते. प्रत्येक बिलामागची काटापावती मागायची, तर माणसाला वेळ हवा.

हे सगळे नियम सीएंसाठी आहेत. पण काकांचं रिटर्न सीएने भरलेलं नव्हतं. नवी मुंबईत, उरण-पनवेलच्या गावांत, कारखान्यांच्या गेटबाहेर रिटर्न भरून देणारे कितीतरी आहेत ज्यांना कुठलीही आचारसंहिता लागू नाही, ज्यांच्याविरुद्ध तक्रार घेऊन जायला शिस्तपालन समिती नाही. त्यांतले बरेच प्रामाणिक आणि कष्टाळू आहेत, हे मुद्दाम सांगते. पण १४ जुलै २०२५ ला प्राप्तिकर खात्याने देशभर १५० ठिकाणी जी तपासणी केली, ती खोट्या वजावटी दाखवून पगारदारांना परतावे मिळवून देणाऱ्या दलालांसाठी होती, आणि पुरावे मिळालेल्या राज्यांत महाराष्ट्राचं नाव होतं. खोटं घरभाडं, खोट्या राजकीय देणग्या, न घेतलेलं शैक्षणिक कर्ज. परताव्यातला हिस्सा हीच यांची फी. सीएला नफ्याच्या किंवा परिणामाच्या टक्केवारीवर फी घ्यायला साधारणपणे मनाई आहे, ती नेमकी याचसाठी. खात्याने सांगितलं की आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी रिटर्नं सुधारून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतले होते. खात्याने समजुतीच्या सूचना पाठवल्या आणि चाळीस हजार माणसं मागे फिरली. यावरून मला वाटतं, बहुसंख्य माणसांना लबाडी करायचीच नसते. त्यांना कुणीतरी वेळेवर "हे चूक आहे" म्हणायला हवं असतं.

असं म्हणण्याची सोय सर्वांत कमी कुणाला असेल, तर ती नोकरीतल्या अकाउंटंटला. तुर्भ्याच्या मार्केटात किंवा तळोज्याच्या कारखान्यात महिना पगारावर टॅली सांभाळणारा मुलगा. शेठ सांगतो, अमुक विक्री कच्च्यात ठेव. कलम २७७ ए दुसऱ्याला कर चुकवता यावा म्हणून खोट्या नोंदी करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद सांगतं, आणि त्याला हे कुणी सांगितलेलं नसतं. आम्ही ऑडिटला जातो तेव्हा त्याच्याच डब्यातलं खातो आणि त्याच्याच नोंदींवर बोट ठेवतो. निदान त्या मुलाला बाजूला घेऊन, काय करू नये ते सांगणं आमच्याने व्हायला हवं. शेठने सांगितलेलं लेखी माग, एवढं सांगितलं तरी पुष्कळदा ते काम थांबतं.

वर दिलेली प्राप्तिकराची कलमं १९६१ च्या कायद्यातली आहेत. १ एप्रिल २०२६ पासून त्याच्या जागी २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा. ५३६ कलमं, करनिर्धारण वर्षाच्या जागी करवर्ष, सगळे क्रमांक बदललेले. जुन्या वर्षांच्या चुका जुन्याच कायद्याने तपासल्या जातील, त्यामुळे येती काही वर्षं दोन्ही पुस्तकं टेबलावर राहतील.

काका त्या दिवशी काहीच न ठरवता गेले. मी सगळं लिहून दिलं होतं: काय राहिलं, किती भरावं लागेल, मुदत कधी, न भरल्यास काय काय होऊ शकतं. त्या कागदावर तारीख टाकून माझ्या फाइलसाठी त्यांची सही घेतली. बारा दिवसांनी ते पुन्हा आले. एक मुदत ठेव मोडली होती. चलान भरलं, आयटीआर-यू गेलं, मग सर्टिफिकेटवर मी सही केली. शिक्का वाळेपर्यंत ते समोर बसून होते.

"करारावर आम्ही चौघं आहोत," ते म्हणाले. "त्यांचं पण असंच असेल ना?"

त्यांच्या भावांचे पॅन नंबर त्याच करारनाम्यावर होते, माझ्या डोळ्यांसमोर. ते माझे क्लायंट नव्हते. मी म्हटलं, "काका, मी त्यांना फोन करू शकत नाही. तुम्ही सांगू शकता."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग हिशोबाचा तो कागद पुढे करून म्हणाले, "ताई, याच्या तीन झेरॉक्स काढून द्या."